जुन्या विमानाचा डायनमो काढून अल्टरनेटर बसवायचाय? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि त्यातली चार एकाच विषयाची निघाली, जुन्या छोट्या विमानाचं इंजिन आणि त्याचं चार्जिंग. मी आयुष्यभर हँगरमध्ये हेच काम केलंय, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून यावेळी एवढंच घेतलंय.

प्रश्न : नमस्कार सर. मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहे. दोन मित्रांबरोबर भागीत १९६४ ची सेसना १५० घेतली, इंजिन काँटिनेंटल ओ-२००. इंजिन एकदम गोड चालतंय पण टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, ॲम्पिअर मीटरचा काटा मायनसमध्ये जातो, आणि संध्याकाळी लँडिंग लाइट लावला की रेडिओचा डिस्प्ले मंद होतो. जनरेटरच्या पाटीवर २० ॲम्पिअर लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो सरळ अल्टरनेटर टाका. मी स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, वीकेंडला मीच बसवला तर चालेल का? आणि किती मोठा घेऊ? बायको विचारते की हा जनरेटर हवेत बंद पडला तर इंजिन बंद पडेल का.

आधी वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. नाही, इंजिन बंद पडणार नाही. या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटो देतात, ते दोन असतात, स्वतःची वीज स्वतः तयार करतात, त्यांना बॅटरीशी किंवा जनरेटरशी काही देणंघेणं नाही. चार्जिंग गेलं तर रेडिओ, दिवे, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) आणि इंधनाचे काटे एवढं जाईल, तेही बॅटरी उतरल्यावर. दिवसा, मोकळ्या हवेत ही अडचण आहे, रात्री किंवा गर्दीच्या विमानतळाजवळ मात्र गंभीर गोष्ट आहे.

आता टॅक्सी करताना काटा मायनसमध्ये का जातो. तुमच्याकडे आहे तो जनरेटर, ज्याला आपल्याकडे गॅरेजात अजूनही डायनमो म्हणतात. त्यात मुख्य करंट फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये तयार होतो आणि कम्युटेटरवरून कार्बन ब्रशमधून बाहेर येतो. सगळा करंट त्या ब्रशमधून जायचा म्हटल्यावर त्याला फार जोरात फिरवता येत नाही, आणि हळू फिरवला की आयडलला, म्हणजे इंजिन अगदी हळू चालत असताना, काही देत नाही. इंजिन हजार-बाराशे आरपीएमच्या वर जाईपर्यंत कटआउट रिले, म्हणजे जनरेटरला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच, जोडलीच जात नाही, तोवर सगळं ओझं बॅटरीवर. म्हणजे तुमचा जनरेटर बिघडलाय असं नाही, तो त्याच्या स्वभावानुसार वागतोय. अल्टरनेटरमध्ये उलटं असतं, जाड वायरची कॉइल स्थिर आणि आतलं फिल्ड, म्हणजे चुंबक तयार करणारी कॉइल, फिरतं, ब्रशमधून फक्त फिल्डचे दोन-चार ॲम्पिअर जातात, डीसी करायचं काम डायोड करतात. म्हणून तो हलका असतो आणि आयडललाही बऱ्यापैकी देतो.

पण दुकानात जायच्या आधी एक कागद घ्या. विमानात काय काय लागतं ते लिहा आणि समोर ॲम्पिअर लिहा. मी तुमच्यासाठी अंदाजे मांडतो, खरे आकडे तुमच्या उपकरणांच्या पाट्यांवरून घ्या : जुना फिरता बीकन ५, तिन्ही नेव्हिगेशन दिवे मिळून ५, रेडिओ ऐकताना १, ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बी (विमानाची जागा आपोआप कळवणारं यंत्र) मिळून २, टॅबलेटचा चार्जर २, पॅनेलचे दिवे १. झाले १६. अमेरिकेत मेकॅनिक लोक जे एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचं, मार्गदर्शक वापरतात त्यात सांगितलंय की सतत चालणारा लोड जनरेटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, २० चे ८० टक्के म्हणजे १६. म्हणजे तुम्ही आत्ताच काठावर आहात. त्यावर लँडिंग लाइट लावला, तो जुना १०० वॅटचा दिवा असेल तर जवळजवळ ८ ॲम्पिअर खातो, झाले २४, आणि २० ॲम्पिअरचा जनरेटर ते देऊच शकत नाही, मग व्होल्टेज पडतं आणि रेडिओ मंद होतो. पिटो हीटर, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर, असेल आणि तो लावला तर विचारूच नका.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो, मेकॅनिकला राग आला तरी चालेल. सगळे दिवे मंजुरी असलेले एलईडी केले तर बीकन आणि नेव्हिगेशन मिळून १० चे साधारण २ वर येतात, लँडिंग लाइट ८ चा ३ वर. सगळी बेरीज ११ च्या आसपास. जनरेटर निरोगी असेल, ब्रश आणि बेअरिंग ठीक असतील आणि तुम्ही मुख्यतः दिवसा उडत असाल तर एवढ्यानेच काम होतं, आणि हे काम अल्टरनेटर बसवण्यापेक्षा खूप सोपं आहे. तुम्ही रात्री उडणार असाल, लांब टॅक्सी असलेल्या विमानतळावरून जाणार असाल, किंवा जनरेटरचं ओव्हरहॉल तसंही आलेलं असेल तर मात्र अल्टरनेटर घ्या, आणि ३० च्या आसपासचा पुरे. ६० चा घेऊन फुशारकी नको, त्याला वायर जाड लागते, ब्रेकर बदलतो, आणि तो ओढायला इंजिनाची ताकद जाते ती वेगळी.

आता घेतलाच तर काय काय बदलतं ते नीट वाचा कारण लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं डबा काढला, डबा बसवला. तसं नसतं, तुम्ही अख्खी सिस्टिम बदलताय. जुना रेग्युलेटर, तो तीन रिले असलेला काळा डबा, पूर्ण जातो. त्यातली एक रिले व्होल्टेज सांभाळते, दुसरी करंटला लगाम लावते, तिसरी बॅटरीचा करंट उलटा जनरेटरमध्ये जाऊ नये म्हणून असते. अल्टरनेटरला शेवटच्या दोन्ही लागत नाहीत, करंट तो स्वतःच एका हद्दीपुढे देत नाही आणि उलटा जाणारा करंट डायोड अडवतात. पण त्याला एक गोष्ट लागते जी जुन्या विमानात नव्हतीच, आणि ती म्हणजे ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला तर फिल्डला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि १४ चे २०, ३०, त्याच्याही वर जायला वेळ लागत नाही, बॅटरी उकळते आणि हजारो डॉलरचे रेडिओ एका झटक्यात जातात. म्हणून व्होल्टेज १६ च्या आसपास गेलं की फिल्डचा ब्रेकर पाडणारं सर्किट हवंच हवं. चांगल्या रेग्युलेटरमध्ये ते आतच असतं, पण विचारून घ्या, गृहीत धरू नका.

दुसरं, मास्टर स्विच. अल्टरनेटरचं फिल्ड बॅटरीवर चालतं, म्हणून वैमानिकाला ते वेगळं बंद करता आलं पाहिजे. दोन भागांचा स्विच लागतो, एक बॅटरीचा आणि एक अल्टरनेटरचा. आणि सवय लावा, चालू इंजिनावर अल्टरनेटर चालू ठेवून नुसती बॅटरी कधी बंद करायची नाही, बॅटरी हा मोठा उशीसारखा असतो, तो काढला की व्होल्टेज उसळतं. अजून एक फरक लक्षात ठेवा, डायनमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं त्यामुळे बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी तो स्वतःला उठवू शकतो. अल्टरनेटर नाही उठत. हाताने पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरवून इंजिन चालू केलं म्हणून चार्जिंग सुरू होईल ही आशा सोडा, बॅटरी आधी चार्ज करा.

तिसरं ते माझ्या जिव्हाळ्याचं, कारण याच्यामुळे मी एकदा रात्रभर जागलोय. ओ-२०० ला पट्टा नसतो. जनरेटर इंजिनाच्या मागच्या केसवर थेट बसतो आणि गिअरने फिरतो, आणि गिअर आणि शाफ्टच्या मध्ये रबराच्या बुशचं एक छोटं कपलिंग असतं जे धक्के खातं. नवीन अल्टरनेटर बऱ्याचदा जुन्या जनरेटरचंच गिअर आणि कपलिंग काढून त्यावर लावला जातो. आमच्याकडे एक विमान आलं होतं, दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये अल्टरनेटर बदलून, तक्रार काही नाही, नेहमीची तपासणी. ऑइलची जाळी काढली तर तिच्यात काळे कण, तिळाएवढे, बोटाने दाबले तर मऊ. कार्बन कडक असतो, चुरा होतो, हा दबत होता. रबर. अल्टरनेटर उतरवला तर आतले बुश इतके जुने की कडा झिजून गोल झालेल्या, आणि कपलिंग हाताने डावी-उजवी हलत होतं. कुणीतरी सात-आठशे रुपयांचे बुश वाचवले होते. ते तुकडे इंजिनाच्या ऑइलमध्येच फिरत होते, कारण तो गिअर इंजिनाच्या ऑइलमध्येच चालतो. आम्ही संप (इंजिनाची ऑइलची टाकी) उतरवून सगळं धुतलं तेव्हा पहाट झाली होती.

म्हणून कपलिंगचे बुश नवे, ऑइल सील नवं, नटाची स्प्लिट पिन नवी, आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला. पिनचं भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळवायचं नाही, दिलेल्या हद्दीत पुढे घट्ट करूनच जुळवायचं, तरीही नाही जुळलं तर वॉशर बदला. बसवायच्या आधी गिअरचे दात बघा, चकचकीत सारखी रेघ असेल तर ठीक, एका बाजूला खड्डे असतील तर तो गिअर फेका. आणि जनरेटरवर थंड हवा आणणारी ती छोटी नळी असेल तर ती परत लावायला विसरू नका, डायोडला उष्णता सहन होत नाही.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न, वीकेंडला स्वतः बसवू का. तुमच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही, पण नाही. हा बदल मालकाला स्वतः करायला परवानगी असलेल्या छोट्या कामांत बसत नाही. लायसन्स असलेल्या एअरफ्रेम अँड पॉवरप्लांट मेकॅनिकच्या देखरेखीखाली तुम्ही हात लावू शकता, पाने फिरवू शकता, वायरिंग करू शकता, पण सही त्याची, आणि मोठा बदल म्हणून फॉर्म ३३७ भरला जातो त्यावर इन्स्पेक्शन ऑथरायझेशन (तपासणीचा जादा अधिकार) असलेल्या मेकॅनिकची. किट घेताना त्याला सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मूळ डिझाइनमधल्या बदलाची सरकारी मंजुरी, आहे ना आणि त्यात तुमच्या विमानाचं मॉडेल आणि इंजिन दोन्ही आहेत ना ते बघा, नुसतं इंजिन असून भागत नाही. बी अँड सी, प्लेन-पॉवर अशी बनवणाऱ्यांची नावं तुमच्या कानावर येतील, कुणाचंही घ्या पण यादीत स्वतःचं मॉडेल स्वतः शोधा, आणि ते सर्टिफिकेट वापरायची लेखी परवानगी किटबरोबर मागून घ्या. जुना जनरेटर काढल्यावर वजन कमी होतं, म्हणून वजन आणि तोल नव्याने मांडून कागद विमानात ठेवायचा. सगळं झाल्यावर जमिनीवर १०००, १५०० आणि २००० आरपीएमला, सगळे दिवे लावून आणि बंद करून, बसबारवर, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर, व्होल्टेज मोजा. १४ ते १४.४ च्या मध्ये स्थिर राहिलं की मग उडा, आणि पहिलं उड्डाण दिवसा, विमानतळाच्या डोक्यावर.

प्रश्न : मी कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, २२ वर्षं अल्टरनेटर रिपेअर करतो. एका पायलट गिऱ्हाईकाने विमानाच्या अल्टरनेटरची किंमत सांगितली, ऐकून गरगरलं. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये आणि त्यात काय फरक असतो हो? दिसायला तर सेम.

भाऊ, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि दिसायला सेम असण्याचं कारण म्हणजे घराणं सेम आहे. १९६० च्या दशकात अमेरिकन छोट्या विमानांत जनरेटर जाऊन अल्टरनेटर आले तेव्हा सेसनाने फोर्डचे आणि पायपरने क्रायस्लरचे, म्हणजे गाडीवाल्यांचेच डिझाइन घेतले. तुम्ही आत उघडून बघितलंत तर रोटर, स्टेटर, डायोड, ब्रश सगळं ओळखीचं लागेल.

फरक कागदात आणि खात्रीत आहे. प्रत्येक भाग मंजूर ड्रॉइंगनुसार बनला, तपासला, त्याचा माग काढता येतो, याचे पैसे. शिवाय गाडीच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आत असतो, तो शॉर्ट झाला तर बाहेरून त्याचं फिल्ड तोडायची सोय बऱ्याचदा नसते. रस्त्यावर बाजूला गाडी लावता येते, वर येत नाही. टाइप सर्टिफिकेट (डिझाइनला सरकारी मंजुरी) असलेल्या विमानावर गाडीचा बसवला तर विमान कायद्याने उडायला पात्रच राहत नाही, मग ते टेक्सास असो की बारामती. घरी बांधलेल्या एक्सपेरिमेंटल विमानांत अमेरिकेत लोक गाडीच्या घराण्यातले छोटे अल्टरनेटर लावतात, पण तेही वेगळं ओव्हरव्होल्टेज संरक्षण घालून. तुमच्या हाताला जी समज आहे ती मात्र दोन्हीकडे तितकीच कामाची आहे. तुमच्या ओळखीचा कुणी मुलगा विमान मेंटेनन्सचं शिक्षण घेत असेल तर त्याला महिनाभर तुमच्या बाकावर बसवा, माझ्या हाताखाली आलेल्या मुलांत गॅरेजातून आलेली मुलं सगळ्यात आधी तयार व्हायची.

प्रश्न : काका, आमची पायपर चेरोकी आहे, न्यू जर्सीत. आधीच्या मालकाने अल्टरनेटर टाकलाय. दोन वर्षांत दोन अल्टरनेटर आणि एक रेग्युलेटर बदलला तरी काटा थरथरतो, दिवे लुकलुकतात आणि हेडफोनमध्ये शिट्टीसारखा आवाज येतो, आरपीएम वाढवला की आवाज चढतो. आता तिसरा घ्यायचा का?

नका घेऊ! तुमच्या वर्णनावरून मला दोन वेगळे आजार दिसतात. थरथरणारा काटा आणि लुकलुकणारे दिवे हे बहुतेक वेळा अल्टरनेटरचं काम नसतंच. रेग्युलेटरला बसचं व्होल्टेज ज्या वायरने कळतं त्या वाटेत मास्टर स्विच, ब्रेकर, वायरच्या टोकांच्या चार-पाच जोडण्या असतात, साठ वर्षांचे. कुठेतरी अर्धा व्होल्ट गळतो, रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज कमी आहे, तो फिल्ड वाढवतो, फिल्डचा करंट वाढला की त्याच वाटेत गळती अजून वाढते, आणि हा खेळ सेकंदाला अनेकदा चालतो. मल्टिमीटरचं एक टोक बसवर, दुसरं रेग्युलेटरच्या इनपुटवर ठेवा, इंजिन बंद, मास्टर आणि अल्टरनेटर स्विच चालू. शून्याच्या जवळ दिसायला हवं. दोन-तीन दशांश दिसले तर एकेक सांधा पकडत या, बहुतेक स्विचशीच थांबाल. इंजिनाची अर्थिंगची पट्टीही बघा, इंजिन रबराच्या माउंटवर असतं, सगळा परतीचा करंट त्या एका विणलेल्या पट्टीतून जातो आणि ती आतून हिरवी पडलेली असते.

शिट्टी म्हणजे एखादा डायोड गेला असण्याची शक्यता. लोड लावून बसवर एसी व्होल्ट मोजा, साधारण अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर डायोडच. पट्टाही तपासून घ्या, तुमच्या लायकमिंग इंजिनाला तो पंख्याच्या मागे असतो आणि बदलायचा तर पंखा उतरवावा लागतो, म्हणून लोक सैल पट्ट्यावर दिवस काढतात. काही मेकॅनिक पंखा उतरवलाच आहे तर एक जादाचा पट्टा पुढच्या बाजूला बांधून ठेवतात, मला ती पद्धत आवडत नाही, तो रबर तिथे उष्णतेने तुमच्या नकळत म्हातारा होतो.

प्रश्न : मी नागपूरचा, निवृत्त शिक्षक. तरुणपणी क्लबचं पुष्पक विमान पाहिलं होतं, माणूस पुढे उभा राहून हाताने पंखा फिरवायचा. त्याला स्टार्टर का नव्हता? आज एखादं जतन करून उडवायचं म्हटलं तर अल्टरनेटर बसवता येईल का?

सर, तुमच्या पत्राने मला जुने दिवस आठवले. पुष्पक हे एचएएलचं, सप्टेंबर १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, तेव्हा तिथल्या डिझाइनची धुरा आपल्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्याकडे होती. इंजिन काँटिनेंटल सी९०-८एफ, ९० अश्वशक्ती. त्या नावातला ८ हाच तुमचं उत्तर आहे. या घराण्यात -८ म्हणजे मागच्या केसवर स्टार्टर आणि जनरेटरची जागाच नाही, -१२ म्हणजे आहे. क्लबला हलकं आणि स्वस्त विमान हवं होतं, बॅटरी, स्टार्टर, जनरेटर, वायरिंग सगळं वगळलं की बरेच किलो वाचतात आणि ९० अश्वशक्तीत दोन माणसांना वर नेताना त्या किलोंची किंमत कळते.

अल्टरनेटर बसवायचा तर मागची केस आणि आतले गिअर -१२ चे घालावे लागतील, म्हणजे जवळपास इंजिनच बदलल्यासारखं, आणि इथे डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याची, मंजुरी. मी तुमच्या जागी असतो तर केलं नसतं. रेडिओपुरती छोटी बॅटरी ठेवा, उतरल्यावर चार्ज करा. अमेरिकेत कब आणि चीफ या जुन्या छोट्या विमानांच्या मालकांनी पोटाखाली वाऱ्यावर फिरणारा छोटा जनरेटर लावलेला दिसतो, त्याला स्वतःचा इवलासा पंखा असतो. तिथे त्यांचा आणखी एक हिशोब आहे, मूळ विमानाला इंजिनावर चालणारी वीज नव्हती म्हणून त्यांना काही हवाई क्षेत्रांत ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बीची सूट मिळते, आणि नंतर इंजिनावर मंजुरी घेऊन अल्टरनेटर चढवला की ती सूट जाते. वाऱ्यावरचा जनरेटर इंजिनावर चालत नाही, म्हणून सूट राहते.

आणि हाताने पंखा फिरवायचाच असेल तर कॉकपिटमध्ये ब्रेक दाबून बसलेला माणूस शिकलेला हवा, चाकांना ठोकळे हवेत, शेपटी दोरीने बांधलेली हवी, आणि मॅग्नेटोचा स्विच बंद असला तरी पंख्याला कायम चालू समजूनच हात लावायचा.